मावशीचे शनिवार-रविवार: न्यू जर्सी ते बॉस्टन, नातेवाईक आणि मित्रांकडे पहिल्यांदा जाताना

"तू कधीही ये रे, घर तुझंच आहे," असं न्यू जर्सीतल्या एडिसन गावची मावशी फोनवर म्हणाली आणि मी ते अगदी शब्दशः घेतलं. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून एका मंगळवारी दुपारी तिथल्या न्यूअर्क विमानतळावर उतरलो. मावशी ऑफिसात, काका कामासाठी टेक्ससला, मावसबहीण शाळेत. गॅरेजचा कोड व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. तो दाबून दोन बॅगा आत ओढल्या आणि चपलांच्या रॅकशेजारी जिन्यावर बसून राहिलो. इथवर कुणाचीच चूक नव्हती. कहर मी पुढे केला. पहिल्याच शनिवारी मित्रांबरोबर न्यूयॉर्कला जायचं परस्पर ठरवून टाकलं. नेमका तोच शनिवार मावशीने मला तिच्या गोतावळ्याला भेटवण्यासाठी राखून ठेवला होता. श्रीखंडाचा चक्का शुक्रवारी रात्रीच टांगून झाला होता.

त्यानंतर मी त्या भागात आणखी दोनदा जाऊन आलो. आता घरातलं कुणी धाकटं भावंड निघालं की माझा पहिला प्रश्न एकच असतो: तुझ्या सहलीत शनिवार-रविवार किती आहेत?

पायरी पहिली: आधी कॅलेंडर, मग तिकीट

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरची शहरं माळेसारखी एका ओळीत आहेत. वरून खाली बॉस्टन, न्यूयॉर्क, न्यू जर्सीतली गावं, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वेने ४५७ मैल, म्हणजे ७३५ किलोमीटर. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग याहून लांब आहे. त्यामुळे एका फेरीत चार-पाच घरं सहज होतात. अंतराची अडचण कधीच येत नाही. अडचण येते ती यजमानांच्या वेळेची.

तीन आठवड्यांची सहल म्हणजे तीन, फार तर चार शनिवार-रविवार. सोमवार ते शुक्रवार तिथला माणूस सकाळी निघतो, संध्याकाळी मुलांना क्लासला सोडतो, साडेनऊला झोपायच्या तयारीत असतो. भेट होते ती शनिवारी आणि रविवारी. म्हणून एक कागद घ्या, त्यावर फक्त शनिवार-रविवार लिहा आणि प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव घाला. पहिला शनिवार मावशीचा, दुसरा बॉस्टनच्या मैत्रिणीचा, तिसरा फिलाडेल्फियाच्या चुलतभावाचा. मधले वार शहरांना द्या. संग्रहालयं मंगळवारी रिकामी असतात, आणि तुम्ही दिवसभर बाहेर राहिलात तर घरून काम करणाऱ्या काकांनाही मीटिंगा शांतपणे करता येतात. कागद तयार झाला की प्रत्येकाला फोटो पाठवा आणि विचारा, "हा शनिवार चालेल का?" तिकीट त्यानंतर.

तारखा ठरवताना काही गोष्टी ध्यानात घ्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची सुट्टी असते. घरच्यांना लांब वीकेंड मिळतो, पण रेल्वेची तिकिटंही महागतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. तेव्हा सगळे नातेवाईक एकाच घरात सापडतात, मात्र बुधवारी आणि रविवारी प्रवास करू नका. बॉस्टनला मित्र शिकत असेल तर १ सप्टेंबरच्या आसपास अजिबात फिरकू नका. त्या दिवशी शहरातले ढिगाने भाडेकरार एकदम संपतात आणि सुरू होतात. फूटपाथवर गाद्या, टेबलं, दिवे मांडलेले असतात आणि तुमचा मित्र स्वतःच बेघर असतो. मे आणि डिसेंबरमध्ये विद्यार्थ्यांच्या परीक्षा. मला विचाराल तर ऑक्टोबर. हवा कोरडी, झाडं लाल-पिवळी, आणि गणपती-दिवाळीच्या आगेमागे मंडळांचे कार्यक्रमही असतात. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून आहे, न्यू जर्सीत 'मराठी विश्व' आहे. मावशीला कार्यक्रमांच्या तारखा आधीच विचारून ठेवा. एका संध्याकाळी तिथे गेलात की तिच्या ओळखीच्या निम्म्या लोकांना भेटून होतं, घरोघर चहाला जायचं वाचतं.

पायरी दुसरी: व्हिसा

नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना बी-१/बी-२ व्हिसा लागतो. डीएस-१६० हा अर्ज ऑनलाइन भरायचा, १८५ डॉलर फी, मग बोटांचे ठसे आणि फोटोची एक भेट, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत. मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी कित्येक महिने जातात. म्हणून "बघू, दिवाळीनंतर ठरवू" असं इथे चालत नाही. फी आणि नियम बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ पुन्हा उघडून पाहा.

अर्जात अमेरिकेतल्या नातेवाइकांबद्दल प्रश्न असतो. मावशी आहे तर आहे म्हणा. पुष्कळजण "नातेवाईक आहेत म्हटलं की शंका घेतात" असं ऐकून नाही लिहितात आणि मुलाखतीत अडकतात. मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खातीही लिहावी लागतात. मुलाखत दोन-तीन मिनिटांचीच असते. कुठे जाणार, कुणाकडे, किती दिवस, खर्च कोण करणार, परत येऊन काय करणार. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र जवळ ठेवा, शिकत असाल तर कॉलेजचं. काकांच्या पगाराच्या पावत्यांची जाड फाइल नेली तरी बहुधा ती कुणी उघडत नाही.

व्हिसावर दहा वर्षं लिहिलेली असली तरी एका खेपेला किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने देतात. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. उतरल्यावर दोन दिवसांत ती सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि छापील प्रत पाकिटात ठेवा. आणि एक स्पष्ट सांगतो: या व्हिसावर काम करता येत नाही. काकांच्या मित्राच्या दुकानात "थोडा हात लावून" पैसे घेणं हेसुद्धा कामच.

पायरी तिसरी: बॅग, म्हणजे खरं तर खाऊ

कपड्यांबद्दल मी काही सांगणार नाही. बॅगेतली निम्मी जागा आईने आधीच घेतलेली असते. तिच्याशी भांडण्यापेक्षा यादी नीट करा.

बिनधास्त नेता येईल असं: गोडा मसाला, मेतकूट, भाजलेली भाजणी, चिवडा, चकल्या, लाडू, कंपनीच्या बंद पाकिटातला फराळ. घरी केलेल्या डब्यावर आत काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवा. अधिकाऱ्याला मेतकूट समजावून सांगणं हा माझ्या आयुष्यातला एक अवघड तोंडी पेपर होता.

नेता येत नाही असं: ताजी फळं-भाज्या, मांसाचा कुठलाही पदार्थ, कढीपत्ता आणि पेरायचं बी. कढीपत्त्यावर लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड येते, म्हणून त्याची दोन पानंही चालत नाहीत. कच्चा तांदूळ आणि हरभरेही नकोत. खाप्रा नावाच्या भुंगेऱ्याच्या भीतीने भारतासारख्या देशांतून प्रवाशांच्या सामानात ते आणायला बंदी आहे. मावशीने आंबेमोहोर मागितला तर नम्रपणे नाही म्हणा. हापूसचंही तेच. भारतीय आंब्यांना २००७ साली तिथली बाजारपेठ उघडली, पण ती विकिरण प्रक्रिया करून रीतसर पाठवलेल्या पेट्यांना. तुमच्या बॅगेतल्या सहा आंब्यांना नाही.

आता दोन खाचा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या कुठल्याच सामानात चालत नाहीत, कारण खोबरं तेलकट आणि पेट घेणारं मानतात. दुसरी खाच खसखशीची. दुबई किंवा अबुधाबीवरून जाणार असाल तर खसखस अजिबात नको, संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. म्हणजे अनारसेही गेले, आणि बाकरवडीच्या पुड्यावरचे घटकही वाचून घ्या. आईला हे पटवायला मला एक आख्खी संध्याकाळ लागली.

पिठं आणि मसाले हातातल्या बॅगेत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत साडेतीनशे मिलिलिटरपेक्षा जास्त मापाची पूड हातसामानात असली तर अडवतात. लोणचंही खालच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून, मधोमध. तिथे उतरल्यावर "खाण्याचं काही आहे का" विचारलं की सरळ हो म्हणा. सांगितलेलं सामान तपासून फार तर काढून टाकतात. लपवलेलं सापडलं की दंड.

शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी दिलेलं शिवलेलं पार्सल घेऊ नका. उघडून दाखवलं तरच. भेट म्हणून मिक्सर, इस्त्री वगैरे तर नकोच, तिथली वीज १२० व्होल्टची. हाताने फिरवायचं पुरणयंत्र मात्र चालतं आणि मिळालेली माणसं हरखून जातात.

पायरी चौथी: विमा, फोन आणि पैसे

विमा घेतल्याशिवाय निघू नका. यावर चर्चा नाही. दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम मिळते आणि उरलेला आकडा तुमच्या गळ्यात पडतो. दुसऱ्यात सुरुवातीचा ठरावीक भाग तुम्ही भरायचा आणि पुढचा बहुतांश खर्च मर्यादेपर्यंत कंपनी भरते. हप्ता थोडा जास्त असला तरी दुसराच घ्या. पाय मुरगळला, ताप आला, तर मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाऊ नका. जवळचं 'अर्जंट केअर' केंद्र शोधा. माझा एक मित्र मुरगळलेला घोटा घेऊन थेट इमर्जन्सीत गेला. बर्फाची पिशवी, एक एक्स-रे आणि दोन गोळ्या मिळाल्या, आणि पुढचे काही महिने बिलावरून पत्रव्यवहार चालला. जिवावर बेतलं असेल तेव्हा अर्थात ९११. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात.

फोनसाठी तिथलं प्रीपेड सिम किंवा ई-सिम घ्या, पण भारतातलं सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो. संदेश तरी येतील एवढं रोमिंग चालू आहे ना, ते निघण्याआधी तपासा. मी तपासलं नव्हतं. फिलाडेल्फिया स्टेशनावर उभं राहून पुण्यात झोपलेल्या बाबांना पहाटे चारला उठवलं होतं. वेळेचा फरक नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तासांचा, नंतर मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा तासांचा.

दुकानातल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, पण कपड्यांवर नाही. पेनसिल्व्हेनियातही रोजच्या कपड्यांवर नाही. म्हणून खरेदी असेल तर या दोन राज्यांत उरका. बसून जेवायच्या हॉटेलात बिलाच्या १८ ते २० टक्के टिप द्यायचीच असते. चार मित्र मिळून जेवलात की मनात हिशेब तयार ठेवा, नाहीतर यजमान मित्र मुकाट्याने टिप भरतो आणि तुम्हाला कळतही नाही. दारूसाठी वयाची अट २१ आहे. गांजाची दुकानं न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि मॅसेच्युसेट्समध्ये उघड चालतात. पण केंद्राच्या कायद्यात तो अजूनही बेकायदा आहे आणि तुमचा व्हिसा केंद्राच्या हातात आहे. त्या दुकानांपासून लांब राहा.

पायरी पाचवी: रेल्वे स्वतः शिका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुणी गाडी घेऊन येईल याची वाट बघत बसणं. एडिसनच्या उपनगरात चालत जाण्यासारखं काही नसतं. ज्याला रेल्वे जमत नाही तो सोफ्यावर अडकतो आणि यजमान अपराधी होतात. पहिल्या दोन दिवसांत जेट लॅगमुळे पहाटे तीनला जाग येईलच. तो वेळ वेळापत्रकं वाचण्यात घालवा.

न्यूअर्क विमानतळावरून एअरट्रेनने विमानतळाच्या रेल्वे स्टेशनावर जायचं. तिथून एनजे ट्रान्झिट या न्यू जर्सीच्या लोकल रेल्वेची नॉर्थईस्ट कॉरिडॉर लाइन. एका दिशेला न्यूयॉर्क. दुसऱ्या दिशेला मेट्रोपार्क, मेटुचेन, एडिसन, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स्टन जंक्शन आणि शेवटी ट्रेंटन. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून न्यूयॉर्क पाऊण ते एक तास. मोबाइलवरचं तिकीट गाडीत चढण्यापूर्वी 'अ‍ॅक्टिव्हेट' करावं लागतं, नुसतं काढून भागत नाही.

एका गोष्टीत हमखास फसगत होते. न्यूअर्कलाही पेन स्टेशन आहे आणि न्यूयॉर्कलाही. गाडीतल्या घोषणेत "न्यूअर्क पेन" आणि "न्यूयॉर्क पेन" कानाला सारखंच लागतं. न्यूयॉर्क आलं असं समजून न्यूअर्कला उतरलेले किमान चारजण मी ओळखतो, त्यातला एक आरशात दिसतो. न्यूयॉर्कच्या आधी गाडी हडसन नदीखालच्या बोगद्यात शिरते. अंधार झाला की मग बॅग उचला. परतताना फलाटाचा क्रमांक अगदी शेवटच्या मिनिटांत लागतो. गर्दी फलकाकडे माना वर करून उभी असते आणि आकडा दिसला की सुटते. दादरला गाडी पकडलेल्या माणसाला हे नवीन नाही.

फिलाडेल्फियाला स्वस्तात जायचं तर ट्रेंटनपर्यंत एनजे ट्रान्झिट आणि पुढे सेप्टा या फिलाडेल्फियाच्या रेल्वेसेवेची लोकल. वेळ जास्त लागतो, पैसे बरेच वाचतात. बॉस्टन किंवा वॉशिंग्टनला अ‍ॅमट्रॅक ही लांब पल्ल्याची रेल्वे. तिचं भाडं विमानासारखं वर चढत जातं, म्हणून तारखांचा कागद पक्का झाला की त्याच दिवशी तिकीट काढा. अ‍ॅसेला ही वेगवान गाडी आहे. नॉर्थईस्ट रीजनल थोडी हळू आणि स्वस्त. न्यूयॉर्क ते बॉस्टन रीजनलने चार तासांच्या आसपास. बऱ्याच अ‍ॅमट्रॅक गाड्या मेट्रोपार्कला थांबतात, तेव्हा मावशीकडून निघताना न्यूयॉर्कच्या गर्दीत जायची गरज नाही. बॉस्टनकडे जाताना उजव्या बाजूची खिडकी धरा. कनेटिकटमध्ये न्यू लंडनच्या पुढे-मागे रूळ अगदी पाण्यालगत जातात, बोटींच्या डोलकाठ्या खिडकीला लागतील असं वाटतं. बस याहूनही स्वस्त असते, पण शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर अडकली की किती वाजता पोहोचेल ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही.

न्यूयॉर्कच्या सबवेत आता मेट्रोकार्ड विकत मिळत नाही. संपर्करहित कार्ड किंवा फोन टेकवून आत जायचं, २०२६पासून भाडं ३ डॉलर. दर वेळी एकच कार्ड वापरा. सात दिवसांत साधारण बारा फेऱ्यांचे पैसे कापले गेले की त्या आठवड्यातल्या पुढच्या फुकट. कधी फोन, कधी कार्ड असं केलंत तर मोजणी वेगवेगळी होते. जर्सी सिटीकडे जाणारी पाथ रेल्वे वेगळ्या संस्थेची, तिचं भाडंही वेगळं. बॉस्टनला विमानाने उतरलात तर लोगन विमानतळावरून साउथ स्टेशनला जाणारी सिल्व्हर लाइनची बस फुकट आहे.

गाडी भाड्याने घेऊ नका. पंचविशीच्या आतल्यांना जादा आकार लावतात, न्यूयॉर्क आणि बॉस्टनमध्ये पार्किंग जेवणापेक्षा महाग, आणि टोलचं बिल महिन्याने काकांच्या पत्त्यावर येतं.

पायरी सहावी: घरात कसं राहायचं

पहिल्या सकाळी बाथरूम समजून घ्या. जमिनीला मोरी नसते. टबात उभं राहून आंघोळ करायची आणि पडदा टबाच्या आत सोडायचा. बाहेर राहिला तर पाणी फरशीवर येतं. घरं लाकडी असतात, पाणी खालच्या खोलीच्या छतातून टपकतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मावशीच्या जेवणघराच्या छतावर अजून एक फिकट पिवळा डाग आहे. दर गणपतीत पाहुण्यांना तो माझ्या नावासकट दाखवतात.

स्वयंपाकाचा उत्साह असेल तर फोडणी देण्याआधी एक्झॉस्ट पंखा लावा. मिरचीचा खमंग धूर झाला की स्मोक अलार्म किंचाळतो, आणि अपार्टमेंट असेल तर कधी कधी सगळी इमारत खाली उतरते. बॉस्टनच्या मैत्रिणीकडे मी पोह्यांची फोडणी केली तेव्हा तिची रूममेट पायजम्यातच जिन्यात पोहोचली होती.

बाकी साधंच आहे. भांडी डिशवॉशरमध्ये कशी लावतात ते एकदा विचारा आणि मग रोज तुम्हीच लावा. कचरा आणि रिसायकलिंगचे डबे वेगळे, ते रस्त्याकडेला नेऊन ठेवायचा वार ठरलेला. ते काम मागून घ्या. घर गरम-थंड करायच्या थर्मोस्टॅटला हात लावू नका. थंडी वाजली तर स्वेटर घाला. दाराला सुरक्षेचा अलार्म असेल तर तो बंद करायचा कोड आणि चुकला तर काय करायचं, दोन्ही विचारून घ्या.

मित्राकडे राहताना नियम आणखी कडक. तीन-चारजण मिळून भाडं भरतात आणि पाहुणा किती रात्री राहू शकतो ते भाडेकरारात लिहिलेलं असतं. रूममेट्सना आधी विचारायला सांगा, तीन रात्रींच्या वर राहू नका, एका रात्रीचं जेवण सगळ्यांना तुम्ही द्या. मावशीकडे पैसे देऊ केले तर ती रागावेल. तिच्यासाठी शुक्रवारी तुम्ही स्वयंपाक करा. थालीपीठही चालतं. आठवडाभर ऑफिस करून आलेल्या बाईला कुणीतरी गरम वाढणं ही तिथे मोठी चैन आहे.

पायरी सातवी: वारांतली शहरं

न्यूयॉर्कच्या याद्या तुम्हाला शंभर ठिकाणी मिळतील. माझ्याकडून तीन जागा. स्टेटन आयलंडची फेरी फुकट आहे, चोवीस तास चालते आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासमोरून जाते. सात नंबरच्या सबवेने शेवटच्या फ्लशिंग स्टेशनला उतरलात की बाउन स्ट्रीटवर १९७७ सालचं गणपतीचं देऊळ आहे, आणि त्याच्या तळघरातल्या कॅन्टीनमधला डोसा. तिसरी जागा कोलंबिया विद्यापीठ. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर इथे आले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. अलीकडे आवारात बाहेरच्यांना सहज सोडत नाहीत, म्हणून तिथे शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर पाहुणा म्हणून नोंद करता येते का ते आठवडाभर आधी विचारा. बाबासाहेबांच्या तेव्हाच्या वयाचेच असाल तर नक्की जा.

फिलाडेल्फियात लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा पाहायला पैसे लागत नाहीत. पण आपल्याला या शहराचं नातं वेगळ्याच नावाशी. १८८६ साली आनंदीबाई जोशी इथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्या कॉलेजची कागदपत्रं आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात आहेत. मला मात्र त्यांचा त्याआधीचा प्रवास जवळचा वाटतो. १८८३च्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई पतीशिवाय न्यूयॉर्क बंदरात उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी राहिल्या. बाई फक्त पत्रांतून ओळखीच्या, पण आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. रोझेलहून एडिसन मोटारीने फार लांब नाही.

आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनाहून मेट्रो-नॉर्थ रेल्वेची हडसन लाइन शेवटपर्यंत पकडा, दोनेक तास. जाताना डावीकडे बसा, नदी सगळा रस्ताभर खिडकीत असते. स्टेशनावरून टॅक्सी. बुधवारी गेलो होतो, दफनभूमीत गवत कापणारा एकजण आणि मी. दगडावर नाव आणि साल वाचलं, १८६५ ते १८८७. मावशीला फोन केला, तर तीस वर्षं तिथे राहूनही ती कधी गेली नव्हती. पुढच्या खेपेला आम्ही दोघं गेलो. त्यासाठी तिने शनिवार दिला.

वॉशिंग्टनला वेळ असेल तर दोन रात्री. स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत, पाय मात्र तयार ठेवा. बॉस्टनला ऐतिहासिक जागा जोडणारी अडीच मैलांची फ्रीडम ट्रेल एका दुपारी चालून होते, उरलेला वेळ मैत्रिणीच्या कॉलेजच्या कॅफेत घालवा. तिला अभ्यास करू द्या.

पायरी आठवी: निघताना

परतीच्या आदल्या दिवशी कुणाकडे जेवण घेऊ नका. पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी काढून धुवायला टाका, गॅरेजच्या कोडचा संदेश फोनमधून पुसा, उरलेलं सिम मावसबहिणीला द्या. अमेरिका सोडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, विमान कंपनीच्या नोंदीवरून आय-९४ बंद होते. तरी बोर्डिंग पास जपून ठेवा.

वजनाचा काटा मावशीच्या बाथरूममध्ये असतो. बॅग हातात धरून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. आईने चिवडा दिलेला स्टीलचा डबा तोवर धुऊन ओट्यावर आलेला असेल. तो रिकामा परत पाठवायचा नसतो, हे मावशी तीस वर्षांत विसरलेली नाही. माझ्या डब्यात तिने बदाम भरले, वर बसतील तेवढी चॉकलेटं खोचली, झाकण दाबून बसवलं, चिकटपट्टी लावली. बॅग दीड किलोने जास्त भरली. मग दोन स्वेटर अंगावर चढवून मी विमानतळावर गेलो.